संस्थेला शुगर नसते

सुंदरराव पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आले तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक पाटी काढली, त्याच टॉवेलाने पुसली आणि माझ्या कीबोर्डपुढे उभी केली. लाकडी ठोकळ्यावर पितळेची पट्टी, आणि पट्टीवर इंग्रजीत तांबरमच्या एका स्वच्छता निरीक्षक प्रशिक्षण शाळेचं नाव. मग खुर्ची ओढून बसले आणि इंग्रजीत म्हणाले, "संस्था आली आहे. पंखा लावा."

नोकरी नवीन होती. मी मुकाट्याने पंखा लावला.

आमचं बिऱ्हाड तेव्हा चेन्नईत, अंबत्तूरला होतं. नवरा तिथल्या एका मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. मी साताऱ्याहून लग्न करून आलेली, तमिळचा गंध नाही, दिवसभर घरात बसून भिंतीशी बोलायची वेळ आलेली. तेवढ्यात सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या लोकांच्या एका संघटनेत ऑफिस सांभाळायची जागा निघाली. सेक्रेटरी डॉक्टर रंगनाथन यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, तमिळ येतं का. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. इथलं तिथं सांगणार नाही अशी बाई त्यांना हवी होती.

संघटनेचं ऑफिस जॉर्ज टाउनात, सुक्या मिरचीच्या एका घाऊक दुकानाच्या डोक्यावर. देशाच्या आरोग्याची चिंता वाहणारी माणसं जिन्यावरून शिंकत वर येत. सभासद दोन जातींचे. एक व्यक्ती, म्हणजे डॉक्टर, प्राध्यापक, आरोग्य अधिकारी, सगळे पदवीवाले. दुसऱ्या संस्था, म्हणजे कॉलेजं, रुग्णालयं, प्रशिक्षण शाळा. व्यक्तींनी वार्षिक सभेत मागे बसायचं आणि हात वर करून मत द्यायचं. संस्थांचे प्रतिनिधी पुढच्या रांगेत, समोर पाटी, आणि मत द्यायचं ते पाटी उचलून. ठरावीक संख्येने संस्था हजर असल्याशिवाय सभा वेळेवर सुरूच होत नसे, त्यामुळे पुढच्या रांगेचा तोरा फार.

आता सुंदररावांची शाळा बंद पडून बरीच वर्षं लोटली होती, आणि ही गोष्ट संघटनेत सगळ्यांना ठाऊक होती. पण घटनेत संस्था आत कशी येते ते लिहिलेलं होतं, बाहेर कशी जाते ते लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. प्रतिनिधी बदलायचा तर संस्थेने तसं कळवायला हवं. संस्था कळवणार कुठून? तेव्हा शाळा गेली, मास्तर गेले, विद्यार्थी गेले, आणि सुंदरराव तेवढे उरले. चेन्नईच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना राव सार म्हणत.

माझं आडनाव ऐकल्यावर त्यांनी एकदम मराठी सुरू केली. "मराठी की? कोणतें गाव, मा?" मी सातारा म्हटलं. "आमचे लोक तिकडूनच निघाले. तंजावरास जेवावयास बसले, तें उठलेच नाहींत." त्यांचं मराठी माझ्या पणजोबांच्या वेळचं, वर तमिळचा हेल. माझं मराठी त्यांना उद्धट वाटे. मी "या ना, बसा ना" म्हटलं की ते म्हणत, "तुम्ही अस्के भांडल्यासारखे कां बोलतां?" अस्के म्हणजे सगळे, हे मला पुढे कळलं.

तर ती पाटी. पाटी उभी असेपर्यंत ते संस्था असत. बोलणं इंग्रजीत किंवा भारदस्त तमिळमध्ये, आणि स्वतःला "आम्ही". आम्हाला मागच्या सभेचा वृत्तान्त मिळाला नाही. आम्हाला कॉफीत साखर नको. आमच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. तक्रार सांगून झाली की ते दोन बोटांनी पाटी अलगद पालथी घालत. इथून पुढचं बोलणं व्यक्तीचं, कुठेही नोंदवायचं नाही. मग रंगनाथनांची बायको माहेरी का गेली इथपासून माझा घरमालक पाण्याचे जास्त पैसे कसे लावतो इथपर्यंत कशातही त्यांना रस असे. घरमालकाशी ते फोनवरून स्वतः भांडले. त्यासाठी मात्र पाटी पुन्हा उभी केली. घरमालक नमला, कारण एक अख्खी संस्था अंगावर येईल अशी त्याची कल्पना नव्हती.

माणूस आरोग्याच्या क्षेत्रातला म्हणावा तर तसं काही नाही. एकदा जॉर्ज टाउनच्या बाजारात आम्ही शाळेच्या मुलांसाठी हात धुण्याचा कार्यक्रम घेतला. राव सारांनी स्टुलावर पाटी ठेवून साबणाच्या महत्त्वावर इतकं लांब भाषण केलं की मुलांचे ओले हात वाळले. भाषण संपल्याबरोबर ते समोरच्या गाडीवर गेले आणि पाटीला घासलेली पितांबरी बोटांना तशीच लागलेली असताना वर्तमानपत्राच्या कागदावर बज्जी घेऊन खाऊ लागले. मी म्हटलं, राव सार, हात? त्यांनी खांद्यावरच्या पिशवीकडे हनुवटी केली. पाटी आत गेलेली होती. "सांगितलें तें संस्थेनें. खातोय तो सुंदरराव."

वार्षिक सभेच्या जेवणात याच्या बरोबर उलट. तिथे ते पानाशेजारीही पाटी उभी करत आणि पायसम, म्हणजे तिकडची खीर, दोनदा, तीनदा मागून घेत. त्यांना मधुमेह होता, पायाच्या बोटाला जखम झाली की महिना महिना भरत नसे. वाढप्याला थांबवायला मी हात आडवा केला तर माझ्यावर डोळे वटारले.

"शुगर सुंदररावाला आहे, मा. संस्थेला शुगर नसते."

शेजारी बसलेल्या डॉक्टरांना ते पाठ होतं. तेही हसत आणि पायसमचं भांडं पुढे सरकवत. डॉक्टर होते हो सगळे.

कामाच्या ठिकाणी राव सारांचं एकच शस्त्र होतं, हरकतीचा मुद्दा. एकदा एका बड्या रुग्णालयाला संघटनेकडून स्वच्छतेचं मानचिन्ह द्यायचं घाटत होतं, आणि त्या रुग्णालयाचे प्रतिनिधी पुढच्या रांगेत बसून स्वतःलाच मत द्यायच्या तयारीत होते. राव सार उठले. ज्या संस्थेचा विषय, तिने चर्चेच्या आणि मताच्या वेळी हॉलबाहेर थांबावं, असा नियम त्यांनी तिथल्या तिथे मांडला. कुणाला नाही म्हणायला कारण सुचेना, नियम मंजूर झाला. मे महिना होता. ते सुटातले डॉक्टर बाहेरच्या व्हरांड्यात घाम पुसत उभे, आणि आत राव सार मधूनच दार किलकिलं करून ते नीट बाहेरच आहेत ना हे बघून येत. पुढे कित्येक दिवस त्यांनी तो नियम लोणच्यासारखा चाखत चाखत मला सांगितला.

मग ते परदेशी पाहुणे आले. कुठल्याशा बाहेरच्या संघटनेचे दोघे जण, रंगनाथनांनी मोठ्या खटपटीने बोलावलेले. त्यांना काय हौस आली कोण जाणे, आमच्या यादीतली सर्वांत जुनी सभासद-संस्था आम्हाला दाखवा, असं म्हणाले. सर्वांत जुनी होती तांबरमची शाळा. रंगनाथनांनी ताप, वाहतूक, दुरुस्तीचं काम अशा सगळ्या सबबी सांगून पाहिल्या, पण पाहुण्यांनी आधीच राव सारांना गाठलं होतं, आणि राव सारांनी अगत्याचं आमंत्रण दिलेलं होतं.

आम्ही सगळे मोटारीने तांबरमला गेलो. शाळेच्या जागी कल्याण मंडपम झालं होतं, आणि आत चक्क लग्न चालू होतं. नादस्वरम वाजत होतं. दारात राव सार, जरीकाठी वेष्टी नेसून, बगलेत पाटी घेऊन उभे. त्यांनी पाहुण्यांना गंध लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि दालनं दाखवायला सुरुवात केली. "ही आमची प्रयोगशाळा. सध्या इथे वधू तयार होते. हा व्याख्यानाचा हॉल. इथे जेवतात." डाव्या हाताला पाच-सहा नळांची रांग होती, तिच्याशी ते थांबले. "हे नळ मात्र आमचेच. अजून पाणी येतं." वधूकडच्यांना राव सार वराकडचे वाटले, वराकडच्यांना वधूकडचे. पाहुणे खूश झाले, केळीच्या पानावर जेवले, फोटो काढले. त्यांच्या अहवालात या संस्थेने समाजाशी आपलं नातं टिकवून ठेवल्याचा खास उल्लेख आला. मी तो वाचून पोट धरून हसले. रंगनाथन हसले नाहीत.

त्यांनी घटनादुरुस्ती काढली. जी संस्था प्रत्यक्षात चालू नाही, तिचं सभासदत्व आपोआप संपेल. एका ओळीचा मजकूर, मीच टाइप केला. तो कुणासाठी आहे हे मिरचीवाल्या दुकानदारालासुद्धा कळलं असतं.

राव सार दुसऱ्याच दिवशी तांबरमहून लोकलने बीच स्टेशनला उतरून ऑफिसात आले. त्या दिवशी त्यांनी पाटी काढून सरळ पालथीच ठेवली. मी आपला शहाणपणाचा सल्ला दिला. "राव सार, संस्था जाऊ दे. तुम्ही व्यक्ती म्हणून सभासद व्हा. मी अर्ज भरून देते."

"व्यक्तीला डिग्री लागते, मा."

"मग? तुम्ही तिथे शिकवत होता ना?"

"कोण म्हणालें शिकवत होतों? मी स्टोअर पाहत होतों. फिनेल, ब्लीचिंग पावडर, झाडू."

इतकी वर्षं पुढच्या रांगेत बसून डॉक्टरांना व्हरांड्यात उभे करणारा हा माणूस झाडूंचा हिशेब ठेवत होता, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "मग प्रतिनिधी कसे झालात?"

"प्रिन्सिपलांस सभेचा कंटाळा. म्हणाले, सुंदरराव, आज तूं जाऊन बैस. मी जाऊन बैसलों. दुसऱ्या दिवशीं परत बोलवायचें ते विसरले, मग रिटायर जाले." त्यांनी पालथ्या पाटीच्या पाठीवरून हात फिरवला. "हें गेलें तर घरीं बसून मी काय करावें? तिथें सुंदररावाला कोण विचारतो? सुंदरराव म्हणून मला कोणी पंखा लावील काय?"

त्यांची चेष्टा करायची मला सवय लागलेली होती, आणि त्या दिवशी ती सवय फार अडचणीची वाटली.

वार्षिक सभा एग्मोरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. राव सार सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या रांगेत पाटी लावून बसले. दुरुस्तीचा विषय आला. त्यांनी हरकतीच्या मुद्द्यासाठी हात वर केला, पण रंगनाथनांनी तयारी केलेली होती. त्यांनी गोड हसून म्हटलं, "राव सार, ज्या संस्थेचा विषय, तिने हॉलबाहेर. नियम तुमचाच आहे."

मागच्या रांगांत हशा पिकला. तो व्हरांड्यात घामाघूम झालेला सुटातला डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसला. नियम राव सारांचा होता आणि त्यांना तो खरोखरच आवडत होता. त्यांनी टॉवेल काढला, पाटी गुंडाळली, पिशवीत घातली आणि दाराकडे चालू लागले. दारात थांबून म्हणाले, "ज्या ज्या संस्थेचा विषय असेल त्या सगळ्यांनी, असा आमचा नियम आहे. लिहून घ्या."

"अर्थात," रंगनाथन म्हणाले. जाता जाता म्हाताऱ्याला एवढं द्यायला त्यांची हरकत नव्हती.

तोच सिस्टर फिलोमिना उठल्या. त्या परिचारिकांच्या एका प्रशिक्षण शाळेच्या प्रतिनिधी, वयस्क, कमी बोलणाऱ्या. "आमच्या शाळेत आता प्रवेश होत नाहीत," एवढंच म्हणून त्यांनी आपली पाटी उचलली आणि राव सारांच्या मागोमाग बाहेर पडल्या. मग एका प्रयोगशाळेचे प्रतिनिधी उठले, तिचं गोदाम झालं होतं. मग एक प्राध्यापक उठले, त्यांचा विभाग दुसऱ्या विभागाने कधीच गिळला होता. मग आणखी दोघे कारण न सांगता उठले. रंगनाथनांची स्वतःची संस्था त्यांच्या दवाखान्याच्या जिन्यावर लावलेल्या बोर्डापुरतीच होती, पण ते बसून राहिले आणि छताकडे बघू लागले. अध्यक्षांनी पुढची रांग मोजली. कोरम मोडला होता. दुरुस्ती बारगळली.

मी बाहेर धावले. व्हरांड्यात संस्थांची ही गर्दी, काखेत पाट्या, चेहरे शाळेबाहेर काढलेल्या पोरांसारखे. राव सार खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, विजयाने फुगले असतील.

"इतक्या?" ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलें, मी एकटाच."

त्यांना हायसं वाटलं होतं की त्यांचा मान गेल्यासारखं झालं होतं, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवशी पायसम त्यांनी एकदाच घेतलं.

त्यानंतर दुरुस्तीचं नाव कुणी काढलं नाही. बंद पडलेल्या संस्था काढून टाकल्या तर सभा भरायलाच माणसं उरत नाहीत, हे रंगनाथनांना पुरतं उमगलं होतं. पुढच्या वर्षी ते राव सारांसाठी स्वतः हॉलचं दार धरून उभे राहिले. राव सारांनी दारातच खुर्चीच्या पायाची तक्रार केली. सभा संपल्यावर मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. लोकल तशी रिकामीच होती. खिडकीशी बसून त्यांनी पाटी पिशवीतून काढली आणि शेजारच्या सीटवर उभी ठेवली. मी खालून विचारलं, आता संस्था कशाला? "जागा धरायला," ते म्हणाले. "ताडपत्रीसारखे पाय पसरून बसतात, मा, हे लोक." गाडी सुटली तेव्हा कुणीतरी त्या सीटकडे बोट दाखवून त्यांच्याशी भांडत होतं, आणि राव सार पट्टीवरचं नाव बोटाने वाचून दाखवत होते.

पुढची वार्षिक सभा जवळ आली असताना ते गेले. शुगरच भोवली. पायाची जखम चिघळली, ती वर चढत गेली. सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी कावेरीबाई ऑफिसात आल्या. मिरचीच्या खाटाने डोळे लाल, की रडून, कुणास ठाऊक. त्यांनी टॉवेलातली पाटी माझ्या टेबलावर ठेवली.

"हें तुमचें ना. घेऊन ठेवा. आमच्या घरांत आतां संस्था कोण आहे?"

सभेच्या सकाळी मी रंगनाथनांना म्हटलं, सुरुवातीला राव सारांचा दुखवट्याचा ठराव घेऊ या. त्यांनी घटना उघडून दाखवली. दुखवट्याचे ठराव व्यक्ती-सभासदांसाठी असतात. राव सार व्यक्ती-सभासद नव्हते. "आणि मॅडम, संस्था मरत नाही," असंही वर म्हणाले. मला इतका संताप आला की मी त्यांच्यासमोर मराठीत एक शब्द बोलले. तो त्यांना कळला नाही, हे बरं झालं आणि वाईटही.

सभेची वेळ झाली. पाटी ऑफिसात एकटी ठेववेना म्हणून मी ती हॉलमध्ये आणून माझ्या टेबलावर ठेवली होती. अध्यक्षांनी पुढची रांग मोजली. एक संस्था कमी पडत होती. मला आतल्या आत बरं वाटलं. तेवढ्यात रंगनाथन लगबगीने माझ्या टेबलाशी आले, टॉवेल सोडला, पाटी उचलली आणि राव सारांच्या रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन उभी केली.

"तांबरम हजर," ते अध्यक्षांना म्हणाले. "संस्था आली आहे. प्रतिनिधीचं आपण नंतर बघू."

अध्यक्ष लिहायला लागले. मी उठले. सगळ्या हॉलसमोरून चालत गेले आणि ती पाटी दोन बोटांनी पालथी घातली. त्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला माहीत होता, इतकी वर्षं सगळ्यांनी तो बघितला होता. रंगनाथनांनी हात पुढे केला, पण पाटी सरळ केली नाही. त्यांच्याकडे सिस्टर फिलोमिना बघत होत्या.

अध्यक्षांनी लिहिलेलं खोडलं. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने पुन्हा भरणाऱ्या सभेला, घटनादुरुस्ती सोडून बाकी कामासाठी, कोरम लागत नाही, असं घटनेतच आहे, त्यामुळे काम काही अडणार नव्हतं. पण कॉफी अजून आलेली नव्हती, बाहेर ऊन होतं, आणि कुणी उठलंही नाही, बोललंही नाही. सगळे डॉक्टर त्या खुर्चीकडे तोंड करून बसून राहिले.

राव सारांच्या खुर्चीवरचा पंखा बंद होता. मी बटणं असलेल्या भिंतीशी गेले आणि तो लावला.